भिगवणचे पाहुणे आणि लेन्सचा हिशेब

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की भिगवण येते. इंदापूर तालुक्यातील हे गाव; लोहमार्गावर स्थानक, भोवती उसाची शेते आणि मासळीच्या मोठ्या बाजारामुळे पंचक्रोशीत नाव. आपल्या समाजातील बारामती, दौंड, इंदापूरच्या व्यापारी मंडळींनी या रस्त्याने आयुष्यभर ये-जा केली असेल. पण रस्ता सोडून पाच-सात किलोमीटर आत, कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर जाण्याचे कारण त्यांना क्वचितच पडले असेल. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. टेंभुर्णीजवळ अडवलेल्या पाण्याचा फुगवटा थेट इथवर येऊन पोहोचला. यशवंतसागर असे त्या जलाशयाचे नाव. त्यात गावे गेली, काळी कसदार जमीन गेली, पळसदेवचे प्राचीन शिवमंदिरही गेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरले म्हणजे ते मंदिर पुन्हा डोके वर काढते, आणि विस्थापित घरांतील वृद्ध माणसे ते पाहायला येतात. माणसांनी सोडलेल्या त्या भूमीवर पुढे पाखरांनी वस्ती केली.

फ्लेमिंगो, म्हणजे ज्याला मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात तो पक्षी, हे इथले मुख्य आकर्षण. मात्र त्याचे येणे दिनदर्शिकेपेक्षा पाण्याच्या पातळीवर अधिक अवलंबून असते. त्याला खोल पाणी नको असते. उथळ चिखलात वाकडी चोच उलटी बुडवून तो शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातो. पावसाळ्याअखेर धरण तुडुंब असते, तेव्हा त्याला इथे उभे राहायलाच जागा नसते. कालव्यांतून पाणी सुटू लागले, काठाचा गाळ उघडा पडला, की डिसेंबर-जानेवारीपासून थवे दिसू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. दिवाळीच्या सुट्टीत घाईने जाणारी मंडळी म्हणूनच बहुधा निराश होऊन परततात. अर्थात फ्लेमिंगो नसला तरी पाणी रिकामे नसते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, तांबूस चक्रवाक, रुंद चोचीचे थापट्या बदक, लाल पायांचे शेकाटे, पाण्यावर सूर मारणारे नदी सुरय आणि चोचीच्या टोकाला पिवळा व मुळाशी तांबडा ठिपका असलेले आपले देशी हळदीकुंकू बदक हे सारे असतातच. चित्रबलाक तर इथला रहिवासीच. जवळच्या भादलवाडी तलावातील झाडांवर त्याची वीण होते.

गेल्या जानेवारीत माझे बारामतीचे व्याही, त्यांचा बारावीतील नातू आणि आम्ही उभयता असे चौघे तिथे गेलो. व्याह्यांचे भुसार मालाचे जुने दुकान आहे. जाण्याचे निमित्त मात्र पक्ष्यांचे नव्हते. नातवाला पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा नाद लागला होता आणि त्याने आजोबांकडे लाखाच्या आसपास किमतीची, ६०० मिलिमीटरपर्यंत पल्ला असलेली लेन्स मागितली होती. व्याही मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर लोकांच्या कर्जाच्या मागण्या तपासल्या. आता आमच्या घरातली ही एक मागणी तपासून द्या. पोराला नाही म्हणवत नाही, आणि डोळे मिटून हो म्हणण्याइतकी रक्कम लहान नाही." मागणी तपासायची तर स्थळपाहणी हवी, हा बँकेतला शिरस्ता. म्हणून आम्ही घरात असलेली ५५-२५० ची साधी लेन्स बरोबर घेतली आणि एक १५०-६०० ची लेन्स पुण्यातून दोन दिवसांसाठी भाड्याने आणली. मोठ्या शहरांत आता लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत ठेवावी लागते. महाग वस्तू विकत घेण्यापूर्वी असा दोन दिवसांचा खर्च प्रत्येकाने करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

होडी सूर्योदयापूर्वी निघते. नवकारशी पाळणाऱ्यांना ही वेळ सोयीचीच, कारण काठावर परत येऊन न्याहारीला बसेपर्यंत अठ्ठेचाळीस मिनिटे केव्हाच उलटून गेलेली असतात. अडचण संध्याकाळची आहे. छायाचित्रकार ज्या सोनेरी उजेडासाठी जीव टाकतात तो सूर्यास्तापूर्वीचा पाऊण तास आणि चौविहारवाल्यांच्या जेवणाची वेळ एकच. आमच्या व्याह्यांनी त्यावर तोड काढली. दशमी आणि चटणीचा डबा होडीतच आणला आणि सूर्य टेकडीला टेकण्यापूर्वी पाण्यावरच जेवण आटोपले. भिगवणच्या हॉटेलांच्या पाट्या मासळीच्या असल्या तरी आपल्या मंडळींनी त्यामुळे बिचकू नये. कुंभारगावात आदल्या दिवशी सांगून ठेवले तर कांदा-लसणाशिवाय पिठले-भाकरी करून देणारी घरे आहेत.

आता हिशेब. कॅमेऱ्यातील संवेदकावर पक्ष्याचे चित्र किती मोठे पडेल हे काढण्याचे सूत्र व्याजाच्या सूत्राइतकेच सोपे आहे. लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे ज्याला फोकल लेंग्थ म्हणतात ते, पक्ष्याच्या उंचीने गुणावे आणि पक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागावे. फ्लेमिंगो साधारण १.३ मीटर उंच. तो ६० मीटरवर उभा असेल तर २५० ची लेन्स संवेदकावर त्याचे सुमारे साडेपाच मिलिमीटर उंचीचे चित्र पाडते. नातवाच्या कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे १५ मिलिमीटर उंचीचा. म्हणजे पक्षी चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. तेच ६०० च्या लेन्सने केले तर १३ मिलिमीटर; जवळजवळ पूर्ण चौकट एकाच पक्ष्याने भरते. परंतु थव्यातील एकच फ्लेमिंगो चौकटभर घेऊन काय करायचे? मागे पाणी, पाण्यातले प्रतिबिंब, शेजारचे चार-पाच जण मान वाकवून खात आहेत, हे सारे यायला हवे असेल तर एक तृतीयांशच योग्य. उलट खंड्यासारखा वीतभर पक्षी २० मीटरवर असेल तर २५० ची लेन्स त्याचे जेमतेम साडेतीन मिलिमीटरचे चित्र देते, आणि तिथे ६०० चा पल्ला खरोखर उपयोगी पडतो. तेव्हा 'किती मिलिमीटरची घेऊ?' या प्रश्नाआधी 'कोणता पक्षी, किती अंतरावरून?' हा प्रश्न यायला हवा. दुकानदार तो सहसा विचारत नाही.

हे अंतर ठरवणार कोण, हा त्याहून मोठा प्रश्न आम्हांला पहिल्याच सकाळी भेटला. आमच्या नावाड्याने वल्हे थांबवून होडी थव्यापासून साठ-सत्तर मीटरवर उभी केली होती. सुमारे दोनशे फ्लेमिंगो खाण्यात गर्क होते. तेवढ्यात यंत्राची एक होडी आमच्या अंगावरून पुढे गेली आणि सरळ थव्याकडे निघाली. पक्ष्यांनी प्रथम माना वर केल्या, मग ते एका दिशेने चालू लागले, आणि मग पाण्यावरून धावत एकदम सारे उडाले. पंखांच्या आतला तो तांबडा-काळा रंग आकाशभर पसरला. दृश्य सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या होडीतील चार-पाच कॅमेरे सतत कडकडत होते. आमचा नावाडी शांतपणे म्हणाला, "आता हे दुपारपर्यंत निवांत खायचे नाहीत." नातू अधीर झाला होता. दुसरा थवा दिसताच तो म्हणाला, "आजोबा, आपणही थोडं जवळ घ्यायला सांगू या ना, उडतानाचा एक तरी फोटो हवा." व्याही एरवी नातवाला मोडता घालणारे नव्हेत. पण ते म्हणाले, "जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं? अंतराय कशाला बांधून घेतोस? बस इथंच."

आम्ही बसलो. पाऊण तास होडी हलली नाही. फ्लेमिंगो चालत-चालत खातो आणि भीती नसेल तर त्याच्या चालण्याची दिशा आपल्याकडेही असू शकते. तो थवा खात-खात चाळीस मीटरच्या आत आला. चाळीस मीटरवर २५० ची लेन्स आठ मिलिमीटरचे चित्र देते; चौकटीच्या अर्ध्याहून अधिक. त्या सकाळची सर्वांत चांगली दोन छायाचित्रे घरातल्या जुन्या लेन्सने निघाली. थवा आपल्या मर्जीने थोडा उडून पुन्हा बसला, त्याचे एक चित्रही मिळाले. नंतर नावाड्याशी बोलताना कळले की थवा उडवून दाखवा असा आग्रह धरणारे लोकच बक्षिसी अधिक देतात, आणि नाही म्हटले तर पुढच्या वेळी दुसरी होडी घेतात. त्याच्या वडिलांची पिढी या पाण्यात केवळ मासेमारी करत होती. आता हिवाळ्याचे तीन-चार महिने पाहुण्यांवर घर चालते. व्याह्यांनी निघताना त्याला ठरल्याहून बरेच अधिक पैसे दिले आणि ते होडी थांबवून ठेवल्याबद्दलचे आहेत, हे स्पष्ट सांगून दिले.

मोठ्या लेन्सची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिच्यामुळे माणसाला दूर राहता येते. ज्याच्याजवळ पल्ला आहे त्याला पक्ष्याच्या अंगावर जाण्याचे कारण उरत नाही. घरट्याजवळचा किंवा एकटा-दुकटा लाजरा पक्षी टिपायचा असेल तर ६०० ची लेन्स ही चैन नसून मर्यादा पाळण्याचे साधन ठरते. २०१३ साली टॅमरॉनने १५०-६०० बाजारात आणली. पाठोपाठ सिग्माच्या त्याच पल्ल्याच्या लेन्स आल्या आणि २०१५ साली निकॉनची २००-५०० आली. तोवर सामान्य माणसाला एवढा पल्ला परवडण्याजोगा नव्हता. आजही ६०० मिलिमीटर, एफ ४ या व्यावसायिक लेन्सची किंमत दहा लाखांच्या वर आहे. तेवढ्यात चारचाकी येते. त्या तुलनेत लाखाच्या आसपास मिळणारी सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी हा निश्चितच स्वस्त सौदा. पण तिचे वजन १९३० ग्रॅम आहे. नातवाने ती भाड्याची लेन्स उत्साहाने उचलली. अर्ध्या तासाने त्याचे मनगट खाली येऊ लागले आणि तासाभराने ती माझ्या मांडीवर विसावली. होडीत तिपाईचा उपयोग नाही, कारण तिपाई ज्या फळीवर उभी करायची तीच डोलत असते. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पण पक्ष्याची हालचाल ते थांबवू शकत नाही. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा सोळाशेवा किंवा दोन हजारावा भाग इतकाच शटरवेग लागतो, आणि तो मिळायला उजेड लागतो.

उजेडाचे गणित एफ या अक्षरापुढच्या आकड्यात असते. आकडा लहान तितका प्रकाश अधिक. एफ ५.६ च्या तुलनेत एफ ८ ला निम्मा प्रकाश आत येतो आणि एफ ११ ला चौथाई. कॅननने २०२० साली ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या एफ ११ च्या हलक्या लेन्स आणल्या. ६०० ची तर किलोहूनही कमी. दुपारच्या लख्ख उन्हात त्या चांगले काम देतात, पण पहाटे आणि सायंकाळी, म्हणजे पक्षी खऱ्या अर्थाने वावरत असतात तेव्हा, त्या अपुऱ्या पडतात. पल्ला वाढवण्यासाठी मध्ये बसवायचा टेलिकन्व्हर्टर हीही अशीच फसवी काटकसर. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा प्रकाश खातो. एफ ६.३ च्या झूमला तो लावला की एफ ९ होते, आणि बहुतेक जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा स्वयंचलित फोकस तिथे चाचपडू लागतो. आणखी एक गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली. सकाळी साडेनऊनंतर ऊन चढले, तशी पाण्यावरची हवा थरथरू लागली. त्यानंतर ६०० च्या लेन्सने दूरवर घेतलेली सर्व चित्रे पाण्यात बुडवून काढल्यासारखी आली. दोष लेन्सचा नव्हता. मध्ये शंभर मीटर तापलेली हवा असेल तर कितीही किमतीची काच तिच्यापुढे हतबल होते.

मग कोणी काय घ्यावे? ज्यांना छंद नवा आहे आणि घरात कॅननचा डीएसएलआर आहे, त्यांनी ५५-२५० ची एसटीएम लेन्स घ्यावी. वापरलेली असेल तर ती दहा हजारांच्या आसपास मिळते आणि किमतीच्या मानाने फार स्पष्ट चित्र देते. कॅननच्याच जुन्या ७५-३०० चा मोह मात्र टाळावा. आकडा मोठा दिसतो, पण तिच्यात स्थिरीकरण नाही आणि शेवटच्या टोकाला चित्र मऊ पडते. निकॉनवाल्यांनी ७०-३०० ची एएफ-पी लेन्स घेताना आपला कॅमेरा तपासावा. डी-९० किंवा डी-३२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर ती फोकसच करत नाही. मधल्या गटात सिग्मा आणि टॅमरॉनच्या १००-४०० येतात. दोन्ही २०१७ सालच्या, वजन सव्वा किलोच्या आत. माझ्या मते आपल्यासारख्या हौशी माणसाला हा गट सर्वांत योग्य. कॅननच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यासाठीची आरएफ १००-४०० तर अवघी ६३५ ग्रॅम भरते. तिचा प्रकाश थोडा कमी, पण ती प्रवासात बरोबर नेली जाते. घरी ठेवलेली उत्तम लेन्स कपाटाची शोभा तेवढी वाढवते. आणि ज्येष्ठांना पक्षी ओळखण्यापुरते चित्र हवे असेल तर लेन्सच्या भानगडीत न पडता निकॉन पी-९५० सारखा एकसंध कॅमेरा पुरे. त्याचा पल्ला २००० मिलिमीटरच्या तोडीचा आणि वजन किलोभर. आमच्या सौ.कडे तोच आहे. संधिप्रकाशात त्याची चित्रे खरखरीत येतात, तरीही त्या सहलीत सर्वाधिक प्रजातींची नोंद तिचीच झाली.

वापरलेली लेन्स घेण्यात कमीपणा काही नाही. चांगली काच वर्षानुवर्षे टिकते. मात्र तारण मालमत्ता पाहावी तशी ती पाहून घ्यावी. मागून विजेरीचा झोत टाकून पुढून पाहिले की आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर दिसतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये हे विशेष पाहावे. झूम पूर्ण लांब करून फोकस जवळून दूर आणि दुरून जवळ असा जातो का, आणि स्थिरीकरण चालू केल्यावर दृश्य स्थिरावते का, हेही तपासावे. मूळ बिल मागावे. नवी लेन्स स्वस्तात देतो, पण बिल देत नाही, असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे. भारतातील हमीपत्र नसेल तर दुरुस्तीच्या वेळी वाचवलेले पैसे तिथेच जातात. घरी आणल्यावर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

परतताना आम्ही सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. मोरगावजवळचे हे छोटेसे गवताळ रान, चिंकारा हरणासाठी राखलेले. चिंकारा खांद्यापाशी दोन फुटांहून जरासा उंच, आणि ऐंशी मीटरच्या आत फारसा येऊ देत नाही. इथे २५० ची लेन्स अगदी निरुपयोगी ठरली आणि ६०० ची कामी आली. गाडीच्या खिडकीवर धान्याची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची पद्धत आहे. बाजारात तिला बीनबॅग म्हणून बरेच पैसे पडतात. व्याह्यांनी मागच्या आसनावरून मुगाची तीन किलोची थैली काढून दिली. भुसार दुकानाचा हा एक फायदा.

घरी आल्यावर मी माझा अहवाल दिला : मागणी अंशतः मंजूर. सिग्माची १००-४०० घ्यावी, ईएफ माउंटची, म्हणजे उद्या कॅननचा मिररलेस घेतला तरी अडॅप्टर लावून ती चालेल. ६०० ची गरज वर्षातून दोन-चार दिवसच पडणार. तेवढ्यापुरती ती भाड्याने आणावी. नातवाने दोन दिवस तोंड पाडले, मग स्वतःच दोन्ही लेन्सची चित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि कबूल झाला.

येत्या हिवाळ्यात त्यांना राजस्थानातील खीचनला नेण्याचा विचार आहे. फलोदीजवळचे हे गाव मी दोन वर्षांपूर्वी पाहिले. मंगोलिया आणि मध्य आशियातून येणारे हजारो करकरा क्रौंच, तिकडच्या भाषेत कुरजां, सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथे मुक्कामाला असतात. गावातील जैन कुटुंबांनी १९७० च्या दशकापासून त्यांना दाणे घालण्याची प्रथा वाढवली. दूरदूरच्या पेढ्यांवरून धान्यासाठी पैसे येतात, आणि तारेच्या कुंपणातील चुग्गाघरात रोज ज्वारी पसरली जाते. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. शेजारच्या गच्चीवर निमूट बसले की पक्षी इतक्या जवळ उतरतात की ५५-२५० हीच लेन्स पुरते, आणि थवा चौकटीत बसवायला कधीकधी तीही लांब पडते. विजेच्या तारांना धडकून तिथे पक्षी मरतात, तेही नातवाने पाहावे असे मला वाटते. व्याह्यांनी जाण्याचे नक्की केले आहे. ज्वारीचे पैसे आधी पाठवायचे की तिथे गेल्यावर पोती घेऊन द्यायची, यावर अजून त्यांची चर्चा चालू आहे. तिकडचा भाव त्यांनी मागवला आहे.